पाण्यावर पाळत

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून या घरात कुणीही पाण्याची वाट बघत बसणार नाही. लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर तारीख हाताशी असावी.

आमच्या टेकडीवर पाणी येतं आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कुठल्या दिवशी आणि किती वाजता, ते पाण्यालाच ठाऊक. मेक्सिको सिटीएवढं अवाढव्य शहर, जमिनीखालून रेल्वे पळते, आणि पाण्याला टाइमटेबल नाही! आलं की रस्त्याकडचा कॉक उघडायचा, अंगणाखालची टाकी भरायची, पंप लावून वर गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. तासाभरात पाणी गायब. म्हणजे घरी सतत कुणीतरी हवंच. लग्न झाल्यापासून हे काम माझी बायको ओब्दुलिया करते.

आता तिला नोकरी मिळतेय. लागुनियाच्या बाजारात दोन्या अंपारोचं, म्हणजे अंपारोबाईचं, शिवणघर आहे. मुलगी पंधरा वर्षांची झाली की जो समारंभ करतात, त्याचे घेरदार झगे तिथे शिवले जातात. ओब्दुलिया लग्नाआधी तिथे कापड बेतायची. आता त्यांची बेतणारी बाई गावी परत गेली. दहा मार्चला, सोमवारी हजर हो, नाहीतर मी दुसरी बघते, असा अंपारोचा निरोप आहे. काल जेवताना ओब्दुलिया म्हणाली, मला जायचंय रे म्हाताऱ्या, पण घरी कुणीतरी थांबायला हवं. आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तव्यावर तोर्तिया करपली तरी बघतच होती.

मला नजर बरोबर समजली. मी जन्मभर कॉपीच्या मशीन दुरुस्त केल्या, डिसेंबरात निवृत्ती घेतली, आता दिवसभर घरीच असतो. यावर तांत्रिक उपाय माझ्याशिवाय कोण काढणार?

प्लॅन तयार आहे. वायरलेस बोर्ड. बिस्किटाएवढी सर्किटं असतात. त्यांत आपण प्रोग्राम भरायचा, मग ती वायफायवर आपापसांत बोलतात. एक रस्त्याकडच्या पाइपावर: पाणी आलं का? एक खालच्या टाकीत: किती भरली? एक गच्चीवर: किती उरलं? एक पंपापाशी: चालू कर, बंद कर. कॉकसुद्धा विजेवर उघडणारा बसवायचा. सगळं माझ्या मोबाइलवर दिसणार. यूट्यूबवर एका काल जन्मलेल्या पोराने सतरा मिनिटांत करून दाखवलंय. मला दोन दिवस पुरेत. तीन धरू.

सासूला सांगितलं. सासू म्हणजे दोन्या कुका. खालच्या खोलीत असते, टीव्हीसमोर. म्हणाली, इंजिनिअर, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विज्ञानाचा गंध नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून बोर्ड आणले. हवे होते चार, घेतले सहा. दुकानदारीण म्हणाली, दोन जळतातच. मी म्हटलं, बाई, मी आयुष्यभर मशीनच दुरुस्त केल्या आहेत. ती म्हणाली, मग आठ देऊ का? उद्धट.

घरी येऊन बोर्ड लॅपटॉपला लावला. बोर्डावर लाल दिवा लागला. लॅपटॉप म्हणतो, काही लावलेलंच नाही. लावलंय की रे माठ्या! दिवा दिसत नाही का? ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. काढलं. दुसरं टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. बोर्ड उलटा धरून बघितला. काही नाही.

मध्येच पाणी आलं. ओब्दुलिया डोक्याला साबण लावलेला तशीच टॉवेल गुंडाळून अंगणात धावली. मला हाका मारत होती. पण तिसरा ड्रायव्हर चौऱ्याण्णव टक्के उतरला होता, अशा वेळी उठता येत नाही. नंतर तिला शांतपणे समजावलं की ही धावपळ कायमची थांबावी म्हणूनच मी बसलोय. तिने ऐकून घेतलं. डोळे लाल होते. साबण गेला असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

केबल! दोन दिवस मी लॅपटॉपला शिव्या घातल्या आणि दोष केबलचा! काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात म्हणे. वीज जाते, माहिती जात नाही. आत वायरीच घातलेल्या नसतात. असली केबल बनवणाऱ्याला चौकात उभा करून विचारलं पाहिजे, बाबा रे, किती पैसे वाचले तुझे?

ती केबल दोन्या कुकाच्या मोबाइलची निघाली. मी न विचारता घेतली होती हे खरं, पण तिने घरात असली केबल ठेवलीच का?

दोन दिवसांची मुदत संपली. ते दिवस केबलमुळे गेले, त्यामुळे ते धरायचे नाहीत. मुदत आजपासून सुरू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

दिवा लुकलुकला!!

माझ्या हुकमाने! एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. ओब्दुलियाला वर बोलावून दाखवलं. ती पदपथावरच्या तमालवालीकडून मक्याच्या पानात उकडलेले तमाल घेऊन येत होती. उभ्या उभ्या बघितलं. म्हणाली, छान लुकलुकतोय, पण याला पाण्याचं कळतं का? मी म्हटलं, जगातला प्रत्येक माणूस इथूनच सुरुवात करतो. ती म्हणाली, मग बाकीचे कुठवर पोचले? तमाल मात्र फक्कड होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

या बोर्डात नवीन प्रोग्राम भरताना त्याच्यावरचं एक चिमुकलं बटण नेमक्या क्षणी दाबून धरावं लागतं. लवकर दाबलं तर चालत नाही, उशिरा दाबलं तरी नाही. एका हाताने लॅपटॉप, एका हाताने वायर, बटणाला तिसरा हात आणायचा कुठून? ओब्दुलियाला हाक मारली. ती ओरडली, पाणी आलंय! मी ओरडलो, एक बोट पाहिजे फक्त! ती ओरडली, माझ्या दोन्ही हातांत बादल्या आहेत!

विज्ञानासाठी या घरात एक बोट मिळत नाही. रागाने प्रोग्राम टाकला तो चुकीच्या बोर्डात गेला.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

बोर्डाला फक्त जुन्या पद्धतीचं वायफाय कळतं. आमचा राउटर जुनं आणि नवं एकाच नावाने देतो, मग बोर्ड बावरतो. मी राउटरमध्ये शिरून नवं बंद केलं, नाव बदललं, पासवर्डही बदलला. बोर्ड झटक्यात जोडला गेला. काय आनंद!

खालून किंकाळी. दोन्या कुकाची मालिका बंद पडली होती. तीन महिने ज्याची वाट बघत होती तो भाग, मुलाचा बाप कोण हे डॉक्टर सांगणार, आणि पडद्यावर गोल गोल चक्र. म्हातारी जिना चढून वर आली. गुडघे दुखतात म्हणून ती चर्चमध्येही जात नाही, पण इथे आली. मला जे जे म्हणाली ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आता हे इथे कुठे बसतं? मी नाचतोय का?

पासवर्ड तिला सांगितलेला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ.

पासवर्ड सांगितला. ओब्दुलियाने जेवण वाढायचं थांबवलं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

गच्चीवरच्या टाकीत सेन्सर बसवला. तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत आला की पातळी कळते. मोबाइलवर आकडा आला: टाकीची खोली अकरा मीटर. टाकी माझ्यापेक्षा बुटकी आहे! पुन्हा वाचलं. आता खोली शून्याच्याही खाली. म्हणजे टाकीत पाणी नाही एवढंच नाही, ती आपलं पाणी देणं लागते.

आवाज टाकीच्या भिंतींवर आपटत होता. सेन्सर मधोमध टांगला. खाली येऊन कॉफी घेतली, वर गेलो, तर सुलतान वायर चघळत बसलेला. सुलतान म्हणजे आमचा कुत्रा. या टेकडीवर प्रत्येक गच्चीवर एक कुत्रा असतो, तसा आमच्या गच्चीवर तो. चोर आला तर शेपूट हलवतो. माझी वायर मात्र त्याला दिसली.

ओब्दुलिया धावत वर आली आणि विचारलं काय, तर कुत्रा बरा आहे ना? बोर्डाचं कुणी विचारलं नाही. पहिला बोर्ड गेला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

दोन दिवस एक सेन्सर फक्त शून्य दाखवत होता. वायफाय बंद केलं की आकडे अगदी बरोबर. वायफाय चालू केलं की शून्य. डोकं आपटायची वेळ आली. आज एका ब्राझीलच्या माणसाच्या पोस्टमध्ये कारण सापडलं. या बोर्डाचे अर्धे पाय, म्हणजे वायरी जोडायच्या पिना, वायफाय बोलत असताना बहिरे होतात. हे त्यांनी पुस्तिकेत लिहिलंय, पण अशा पानावर, जिथे कुणी ख्रिस्ती माणूस जाणार नाही.

तोंड चालू असलं की कान बंद. सासूच्या जातीचा बोर्ड आहे. हे ओब्दुलियाला सांगितलं. हसली नाही. म्हणाली, पाणी सकाळी येऊन गेलं, तुला कळलं का? मी म्हटलं, मी वायर सोडवत होतो. ती म्हणाली, पाइपापासून चार पावलांवर बसून?

तिला संदर्भ कळत नाहीत.

१ मार्च, शनिवार.

रस्त्याकडच्या बोर्डाला बॅटरी लावली. बॅटरी वाचावी म्हणून त्याला झोपायला शिकवलं. थोडं जागायचं, बघायचं, झोपायचं. आता तो इतका गाढ झोपतो की नवीन प्रोग्राम द्यायला जागाच सापडत नाही. उठव उठव उठवतोय, पण उठत नाही. हलवला. तारेने टोचला. शेवटी टेबलावर आपटला.

दुसरा बोर्ड गेला. आता त्या जागी नवा लावीन त्याला बॅटरी नाही, घरचीच वीज. दुकानदारीण म्हणालीच होती दोन जळतात, म्हणजे सगळं हिशेबाप्रमाणे चाललंय.

३ मार्च, सोमवार.

अंपारोचा फोन आला. येणार की नाही ते आज सांग, दुसरी बाई दारात उभी आहे. ओब्दुलियाने मोबाइलवर हात ठेवला आणि मला विचारलं, खरं सांग, दहा तारखेपासून घरी पाणी कोण बघणार? मी म्हटलं, सिस्टिम. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, छातीवर हात ठेवून सांगतो.

तिने हात काढला आणि म्हणाली, येते.

मग कपाटावरून एक गाठोडं काढलं. आत तिची जुनी कात्री, माझ्या हाताएवढी, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेली. दारातल्या धार लावणाऱ्याला हाक मारून धार लावून घेतली आणि एका चिंधीवर चालवून बघितली. सर्रकन गेली. तिचा चेहरा असा मी कधी बघितला होता, आठवत नाही.

सहा तारखेच्या आत सिस्टिम चालू करतोच.

५ मार्च, राखेचा बुधवार.

झालं!! चारही बोर्ड बोलतात! एकमेकांशी आणि माझ्याशी!

सकाळी चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलो आणि तसाच कामाला बसलो. जुना पितळी कॉक करवतीने कापून काढला आणि तिथे विजेवर उघडणारा नवा बसवला. पाइपात चक्र बसवलं, पाण्याने फिरणारं. बादलीने पाणी ओतून बघितलं. चक्र फिरलं, आणि माझ्या मोबाइलवर, ओब्दुलियाच्या मोबाइलवर एकदम मेसेज: पाणी आलं! कॉक आपोआप उघडला, खटकन! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ओब्दुलियाच्याही. तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, शाबास रे म्हाताऱ्या. दोन्या कुकाने खिडकीतून बघितलं आणि काही बोलली नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

जुना कॉक गल्लीत भंगारवाला ओरडत आला होता त्याला देऊन टाकला. त्याची आता काय गरज?

६ मार्च, गुरुवार.

सकाळपासून 'पाणी आलं' 'पाणी आलं' 'पाणी आलं'. ओब्दुलिया बाजारात होती. भाजीवालीकडे कोथिंबीर टाकून टेकडी धापा टाकत चढली. पाण्याचा थेंब नाही. परत गेली. पुन्हा मेसेज. पुन्हा चढली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्याकडे नुसती बघून गेली.

शोध लावला. पाणी येण्याआधी पाइपातून हवा येते, आणि चक्राला हवा आणि पाणी सारखंच! फिरतंय बापडं. रात्रंदिवस या गल्लीत पाइप फुरफुरतात हे मला ठाऊक होतं, पण ती हवा आहे हे कुणी सांगितलं? समोरची तोमासा दारात उभी राहून म्हणाली, अहो शेजारी, आधी फुर्र, मग गढूळ, मग चांगलं, पोरासोरांनाही माहीत आहे. पोरासोरांना माहीत असेल. जगातल्या एकाही पुस्तिकेत नाही! त्या पुस्तिका लिहिणारे अशा देशांत राहतात जिथे पाइपातून पाणी येतं. चीड येते. आम्ही हवेचं बिल भरतो, आणि आता हवेने माझा प्रोग्रामही बिघडवायचा?

७ मार्च, शुक्रवार.

उपाय केला. चक्र फिरायला लागलं की बोर्ड अर्धा मिनिट थांबेल, मगच ते पाणी समजेल. कुठली हवा अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकते?

खालच्या टाकीतला बोर्ड दमटपणाने वेडा झाला. टाकी भरली, रिकामी, भरली, रिकामी, असं बरळतोय. त्याला वगळला. तीन बोर्डांवर भागतं, चौथा चैनच होती. जास्तीचा बोर्ड उरलेला नाही. दुकानदारीणीकडे मी परत जाणार नाही. मान आहे मला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं दोन्या कुका स्वयंपाकघरात कुणालातरी फोनवर सांगत होती. आमच्याकडे बैल नाही.

८ मार्च, शनिवार. दुपार.

आज बायकांचा मोर्चा आहे. ओब्दुलिया गळ्यात जांभळा रुमाल बांधून शिवणघराच्या बायकांबरोबर गेली. जाताना म्हणाली, सोमवारी अंग धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून जायचंय, पाणी जाऊ देऊ नकोस. मी म्हटलं, आज सिस्टिमची शेवटची परीक्षा आहे. मी कशालाही हात लावणार नाही. माणसाने हात लावला की परीक्षा खोटी ठरते.

पाइपापाशी खुर्ची टाकून बसलोय. हाताची घडी. बघतोच.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

जे झालं ते क्रमाने लिहितो. म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

पाइप फुरफुरला. अर्धा मिनिट फुरफुरला, एक मिनिट फुरफुरला, फुरफुरतच राहिला. बोर्डाने जाहीर केलं, पाणी आलं! कॉक उघडला, पंप सुरू झाला. खालच्या टाकीत तळाला ओल होती तेवढीच. पंप सुरू झाला की आमच्या घरातले दिवे मिणमिणतात. दिवे मिणमिणले की बोर्डाला चक्कर येते आणि तो सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होतो. सुरू झाला की आधी कॉक बंद करतो. मग हवा येते. मग उघडतो. खट खट खट खट. तेवढ्यात पंप कोरडाच घरघरायला लागला. वास यायला लागला. मी हाताची घडी सोडली नाही.

मग खरं पाणी आलं. मला आवाज आला. आवाज अगदी वेगळा असतो, बहिऱ्यालाही कळेल. गल्लीभर बायका धावल्या, गेट बडवले गेले. तोमासाने आमच्या गेटवर चपलेने मारलं: अहो शेजारी, पाणी! मी म्हटलं, ठाऊक आहे, परीक्षा चालू आहे, कुणी हात लावायचा नाही. ती म्हणाली, डोक्यावर पडलात का?

पंपातून धूर आला. फटकन आवाज झाला आणि सगळ्या घराची वीज गेली. वीज नाही म्हणजे बोर्ड नाही. बोर्ड नाही म्हणजे कॉक बंद. तेव्हा मात्र मी उठलो. जुना कॉक हाताने उघडायला गेलो.

जुना कॉक भंगारात.

पाइपातून पाणी सळसळत पुढे चाललं होतं. मी त्या बंद नळावर हात ठेवून उभा होतो आणि हाताला ते लागत होतं. पाना मारला. शिव्या दिल्या. फ्यूज शोधला, फ्यूजचा डबा दोन्या कुकाने कुठे ठेवला ते सांगायला ती तयार नव्हती, आधी टीव्ही चालू कर म्हणाली. टीव्ही विजेवर चालतो हे मी तिला ओरडून सांगितलं. तोवर पाइप पुन्हा फुरफुरला. पाणी गेलं.

ओब्दुलिया आली. दिवसभर उन्हात चाललेली, घसा बसलेला, केसांत धूळ. नळ सोडला. थेंब नाही. गच्चीवरची टाकीही संपली होती. ती संपत आल्याचा मेसेज यायला हवा होता. आला असता, वीज असती तर. तिने जांभळा रुमाल सोडला, कोरड्यानेच तोंड पुसलं आणि आत गेली.

दोष हवेचा आहे. आणि पंपाचा. आणि घरातल्या वायरिंगचा, जे सासऱ्याने केलं होतं.

९ मार्च, रविवार.

जेवण नाही. कागदी प्लेटमध्ये सासूने पाव-केळं दिलं, तेसुद्धा कुत्र्यानंतर.

ओब्दुलिया अंगणात फोनवर हळू बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं: नाही, दोन्या अंपारो, नाही, तसं नाही. नाही म्हणाली. नोकरी सोडली. ती धार लावलेली कात्री मला दिसत होती, टेबलावर, फडक्यात. मला काय करावं सुचेना. खाली गेलो, तोमासाच्या नवऱ्याकडून एक जुना पितळी कॉक मागून आणला आणि पाइपाला बसवला. लगेच बसला. प्रोग्राम लागला नाही.

मग तिच्यासमोर गेलो. भाषण तयार होतं: अंपारोला ईस्टरपर्यंत थांब म्हणावं, दुसरी आवृत्ती बनवतो, हवा ओळखणारी. अर्धं बोललो. ती म्हणाली, मी नोकरी सोडलेली नाही. ती विचारत होती, घरची काही अडचण? मी नाही म्हटलं. उद्या जातेय. तोमासाकडे अंघोळ करून जाईन. तू घरी आहेस ना?

मी म्हटलं, मी घरी असणं आणि सिस्टिम असणं यात फरक आहे. ती म्हणाली, आहे. तुला बादली उचलता येते.

१० मार्च, सोमवार.

ती पहाटेच गेली. इस्त्रीचा ब्लाउज, कात्री काखेत. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

पाइपापाशी बसलो. पाणी येतंय असं वाटतं आणि येत नाही. संडासला जावं तर तेवढ्यात येईल. बाजारात जावं तर येईल. डुलकी लागली तर येईल. वाचायला घेतलं, एका ओळीच्या पुढे जाता येईना, कान पाइपाकडे. दुपारी आलं. फुर्र, मग गढूळ, ते बादल्यांत, मग चांगलं. पंप जळालेला, म्हणून वरची टाकी बादल्यांनी भरली. जिना चढताना सासू मोजत होती, मोठ्याने. संध्याकाळी कंबर सरळ होईना.

एवढी वर्षं ओब्दुलिया हे कसं करत होती कोण जाणे. तिने कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती. माणसाला सांगितल्याशिवाय कसं कळणार? चूक तिचीच आहे.

ती आली तेव्हा बोटांना खडूची पूड होती. पहिल्याच दिवशी तिला निळ्या सॅटिनचा सबंध झगा बेतायला दिला. घेर किती, कळी किती, कसं तिरकं कापलं, जेवताना सांगत होती, हात हवेत फिरवून. मी पंपाबद्दल बोलायला तीनदा तोंड उघडलं. मग बंद केलं. पाणी आलं होतं का, एवढं तिने शेवटी विचारलं. आलं होतं, म्हटलं. अंघोळीला गेली.

११ मार्च, मंगळवार.

अपमान. तोमासाही कामाला लागली, सकाळी एका दवाखान्यात साफसफाईला. आमच्या गेटवर येऊन तिच्या अंगणाची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, तुम्ही नाहीतरी बसलेलेच असता. वरच्या घराची बाईही आली किल्ली घेऊन. मी म्हटलं, मी इंजिनिअरिंगमधला माणूस आहे. ती म्हणाली, म्हणूनच तर विश्वासाने देतेय. सासू खिडकीत हसून हसून खोकायला लागली.

किल्ल्या घेतल्या. नाही म्हणायला वेळ मिळाला नाही, पाइप फुरफुरत होता.

१२ मार्च, बुधवार.

९.१० हवा. ९.३५ गढूळ. ९.५० पाणी. तोमासाचं उघडलं. वरच्या बाईचं उघडलं. आमचं उघडलं.

बायकांनी मला त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलंय. दवाखान्यातून विचारतात, आलं का? बाजारातून विचारतात, आलं का? ओब्दुलियाही विचारते. प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहावं लागतं, अंगठा दुखतो. संताप आहे. मी मनात एक गोष्ट ठरवली आहे. अजून कुणाला सांगितलेली नाही. एक छोटा बोर्ड, फक्त एक, नळाला लावायचाच नाही. त्याला एक बटण. मी बटण दाबलं की सगळ्या बायकांना आपोआप उत्तर जाईल. दोन दिवसांचं काम. तीन धरू. आकृतीच काढून ठेवतो इथे, म्हणजे विसरायला नको. बोर्डाच्या कुठल्या पायाला बटण जोडायचं, तेवढं

तोमासाची टाकी वाहिली. पाणी गल्लीतून खाली चाललंय. ती कामावरून परत आलेली दिसते, गेटवर चप्पल वाजतेय.